स्पीकरची वायर बदलावी की भिंतीला गोधडी टांगावी?

परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत भाच्याने दोन स्पीकर मांडलेत. आवाज घुमतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत. "मामा, लॅमिंग्टन रोडवरून जाड वायर आणू की भिंतीला गोधडी टांगू?"

खर्चाचं म्हणाल तर गोधडी घरातलीच. आवाजातला फरक? ३ मीटर अंतराला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. आणखी जाड वायरीने कानाला काहीच कळणार नाही.

गोधडीचं तसं नाही. ऐकायच्या जागी बसा, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. त्यात स्पीकर दिसला की तिथेच गोधडी टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. टाळी वाजवून पाहा, खणखण कमी झालेली असते. घुमणारा बास मात्र गोधडीला दाद देत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा.

टिकण्यात वायर सरस. पावसाळ्यात गोधडीला कुबट वास येतो, ऊन पडलं की वाळवावी लागते.

स्पीकर दहा-पंधरा मीटर लांब असतील किंवा वायर अगदीच बारीक असेल, तर २.५ ची वायर घ्या. भाच्याच्या खोलीला गोधडीच.