ईसीएम खराब आहे हे आधी दाखवलं, मगच बदललं

माझं काम फ्रीज-एसी दुरुस्तीचं. गॅसचे सिलिंडर, व्हॅक्यूम पंप, शिडी, तांब्याच्या नळ्यांची भेंडोळी, सगळा संसार व्हॅनमध्ये. ती उभी राहिली की माझे हातही थांबतात. म्हणून ज्या गॅरेजने तिचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलून ती पुन्हा रस्त्यावर आणली, त्यांच्याबद्दल नीट, सविस्तर लिहायचं होतं.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी एकदम छान. दोन-तीन तास चालली, इंजिन तापलं, की चालता चालता बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. चेक लाइट कधी लागायचा, कधी नाही. पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा, बिघाडाचा कोड आला, सेन्सर बदलला. आठवड्यात परत तेच. मग डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर, मग बॅटरी. तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "ईसीएम गेलाय, नवीन टाका." मी विचारलं, कशावरून? उत्तर एवढंच, की बाकी सगळं बदलून झालंय.

हे मला पटलं नाही. एसीचं कार्ड गेलं म्हणण्याआधी मी सप्लाय बघतो, कॅपॅसिटर बघतो, प्रत्येक सेन्सर सुटा करून बघतो. सगळं बदलून जे उरलं ते खराब, हा हिशोब मी माझ्या गिऱ्हाइकाला कधी लावत नाही.

दुसरं गॅरेज फक्त गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतं. तिथल्या मिस्त्रींनी आधी मला दहा मिनिटं बोलू दिलं आणि जुने कोड लिहून घेतले. त्यात पी-०६४१ होता, म्हणजे ईसीएम सेन्सरना जो ५ व्होल्टचा सप्लाय देतो त्या लाइनमध्ये गडबड. यू-०१०० पण होता, म्हणजे गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूल्सना, छोट्या कॉम्प्युटरना, ईसीएम सापडतच नव्हता. ते म्हणाले, "दादा, एकाच वेळी इतके सेन्सर मरत नाहीत. सगळ्यांना मिळून जे एक लागतं, ते बघू."

मग जे केलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलं. ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरिंगचा प्लग, काढला. मागच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब वायरींना जोडून घेतलेला होता, तोच त्यांचा टेस्ट लॅम्प. नुसता मीटर लावला तर तांब्याची एक काडी शिल्लक असलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्ब लावला की पावणेदोन अँपिअर ओढले जातात आणि कुजकी वायर लगेच उघडी पडते. सप्लायच्या पिनांवर बल्ब लख्ख पेटला. अर्थच्या पिनांवर मात्र मंद वाटला, मीटरवर ०.४ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच वाया. चॅसीवरचा अर्थचा बोल्ट काढला तर खाली गंज आणि रंगाचा थर. घासून, वायरीच्या टोकाला नवीन लग (धातूची कडी) लावून परत मोजलं, ०.०५.

इथे बहुतेकांनी गाडी परत दिली असती. यांनी ठेवून घेतली. "आजार सकाळी दिसत नाही ना, मग तापू दे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तापवल्यावर ती परत बंद पडली, आणि मला ते फोनवर सांगताना त्यांचा आवाज समाधानाचा होता. आता ५ व्होल्टची लाइन मोजली, ३.१. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढले, आकडा हलला नाही. शेवटी कपलरमधून ती पिनच बाहेर ओढली आणि तिच्या जागी मीटरची एकटी वायर घातली. आता ईसीएम आणि मीटर यांच्यामध्ये गाडीचं वायरिंग उरलंच नव्हतं. तरीही ३.१. त्याच वेळी बल्ब लावून सप्लाय आणि अर्थ परत तपासले, दोन्ही ठणठणीत. बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओम मोजून कॅनची लाइनही, म्हणजे मॉड्यूल्स जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती, धड असल्याची खात्री केली.

मग ईसीएम थंड होऊ दिला, ५ व्होल्ट परत आले. नुसत्या ईसीएमच्या बॉक्सवर गरम हवा मारली, पाच मिनिटांत आकडा घसरला. गार स्प्रे मारला, वर चढला. म्हणजे दोष ईसीएमच्या आतच. मला एवढाच पुरावा हवा होता.

झाकण उघडून दाखवलं तेव्हा कपलरच्या कडेला बोर्डवर हिरवट थर होता. पाणी शिरलं होतं. काचेखालच्या पन्हाळीची नळी पाचोळ्याने तुंबलेली, आणि पाणी वायरिंगवरून ओघळत थेट कपलरमध्ये. ही नळी त्यांनी मोकळी केली, वायरिंगला कपलरच्या अलीकडे खाली झोळ दिला म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल. नवीन बॉक्सचंही तेच होऊ नये म्हणून या कामाला मी सगळ्यात जास्त मार्क देईन.

बदली बॉक्स वापरलेला घेतला, पण हार्डवेअरचा आणि सॉफ्टवेअरचा, दोन्ही नंबर जुळवून. जुन्यातला सगळा डेटा वाचून त्यात उतरवला, त्यामुळे इमोबिलायझरने (अनोळखी चावीने इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) माझ्या जुन्याच चाव्या ओळखल्या. चारही इंजेक्टरवर कोरलेले कोड वाचून स्कॅनरमधल्या कोडशी ताडून बघितले. डिझेलमध्ये ते चुकले तर इंजिन खडखडतं, धूर मारतं. गाडीवर स्कॅनरने काही लिहिताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलेला होता, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर बॉक्स कायमचा जाऊ शकतो.

तक्रारीही आहेत. दोन दिवस सांगून चार लावले, आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. माझी तीन कामं दुसऱ्याकडे गेली, एक निरोप पुरला असता. बिलावर नुसतं "ईसीएम काम" लिहिलं होतं. इतकी सुंदर मोजमापं केली ती कागदावर यायला हवी होती. मी मागितल्यावर हाताने लिहून दिली. बदली बॉक्सवर वॉरंटी सहा महिन्यांचीच आहे. डेटाची फाइलही मागावी लागली, पण पेन ड्राइव्हवर दिली, जुना बॉक्सही परत केला. तुम्ही गेलात तर दोन्ही आठवणीने मागून घ्या.

काम होऊन सात आठवडे झाले. भर दुपारी, एसी लावून, पूर्ण सामान भरून चालवली आहे. एकदाही बंद पडली नाही. परवा मुसळधार पावसानंतर बॉनेट उघडून कपलरखाली बोट फिरवलं, कोरडं होतं. पाच पैकी साडेचार, अर्धा मार्क त्या न उचललेल्या फोनचा.