पेट्रोलची वॅगन आर विजेवर: अकरा महिन्यांनंतर तक्रार एकच, ब्रेकचा पंप

मोटर, बॅटरी, रेंज यावर सगळेच लिहितात, म्हणून ते आधी उरकतो. गाडी जुनी, १.१ लिटर इंजिनची. त्या जागी आता २०० अँपिअर-अवरचे २४ एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल, म्हणजे ७६.८ व्होल्ट आणि साधारण १५.३ युनिटांची बॅटरी. गिअरबॉक्स मूळचाच, क्लच काढून मोटर कपलरने थेट जोडलेली. शहरात तिसरा गिअर, घाटात दुसरा, एरवी दांडीला हात लागत नाही. ताशी ४५-५० ला किलोमीटरमागे १२० वॉट-अवर धरा. दहा टक्के चार्ज शिल्लक ठेवून ११५ किलोमीटर होतात. हायवेला ८० नं हाणलीत तर हा हिशेब विसरा. रिव्हर्स एकतर गिअरने घ्या नाहीतर मोटर उलटी फिरवून. दोन्ही एकदम केलंत तर गाडी पुढे जाते!

आता पंप.

पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. इंजिन गेलं की तो गेला. मग बारा व्होल्टचा वेगळा पंप, व्हॅक्यूम बघून तो चालू-बंद करणारा स्विच, एक छोटी टाकी आणि एकमार्गी व्हॉल्व्ह लागतो. किटवाल्यांच्या कोटेशनमध्ये या सगळ्याला मिळून अर्धी ओळ असते, ‘ब्रेक व्हॅक्यूम असेंब्ली’ म्हणून. पैसे वाचवायचे झाले की कात्री पहिली इथेच लागते.

आमच्या गाडीत टाकीच नव्हती. त्यामुळे पेडलला पाय लावला की पंप घर्रर्र करायचा. इंजिन असतं तर हा आवाज कुणाला ऐकू आला नसता. इथे गाडी मुकी, त्यामुळे सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा. बसवणाऱ्याचं उत्तर तीनही वेळा एकच: ‘इलेक्ट्रिकमध्ये एवढा आवाज येतोच.’ नाही येत. दीड लिटरची टाकी घातली आणि पंप रबरी बुशवर घेतला, तर दोन-तीन ब्रेकनंतर एकदा, काही सेकंद, तोही हळू, एवढाच वाजतो. टाकी मात्र कडक भिंतीचीच हवी. नळीसुद्धा व्हॅक्यूमची, जाड, धागा विणलेली. साधी पेट्रोलची नळी आतल्या आत चपटी होते आणि पेडल दगडासारखं लागतं.

दुसरी चूक वायरिंगची. पंपाचा सगळा करंट स्विचमधूनच नेलेला. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्यात स्विचचे पॉइंट जळतात. जळून चिकटले तर पंप थांबत नाही, उघडे राहिले तर सुरूच होत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा रिले टाकला की स्विचला फक्त रिलेची कॉइल सांभाळायची उरते. रिलेला सप्लाय फ्यूजमधून, कॉइल किल्लीवर. नाहीतर पार्किंगमध्ये नळी गळत असली की पंप रात्रभर चालून बारा व्होल्टची बॅटरी संपवतो.

हे पाचव्या महिन्यात लिहिलं असतं तर पंपालाच नावं ठेवून थांबलो असतो. पाचगणीच्या वर गेलं की तो बंदच होत नव्हता, हात लावला तर चटका. दुसरा आणला, तोही तसाच. मग गेज लावलं आणि पंप निर्दोष निघाला. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर; महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, तो ६४५ च्या आसपास. साधा पंप दाबाच्या फार तर ८५ टक्के व्हॅक्यूम ओढतो, म्हणजे मुंबईत ६४५ आणि वर जेमतेम ५५०. स्विच मात्र ५६० ला बंद होणारा लावलेला! तो आकडा तिथे येणारच नाही, मग पंप थांबणार कसा? स्विच ४६० ला बंद आणि ४०० ला चालू असा लावला, त्या दिवसापासून पंप वरही थांबतो. दुसऱ्या पंपाचे पैसे फुकट गेले, हे मात्र अजून डाचतंय.

गळती तपासायची तर किल्ली चालू ठेवा, पंप थांबू द्या आणि पेडलला हात-पाय न लावता बसून राहा. दोन-तीन मिनिटांत तो आपणहून सुरू झाला तर कुठेतरी हवा शिरतेय. टाकी आणि बूस्टर यांमधली नळी चिमट्याने दाबून परत बघा; आता थांबून राहिला तर दोष बूस्टरच्या बाजूला. बहुतेक वेळा पंधरा वर्षं जुन्या नळीचं टोक कडक होऊन चिरलेलं असतं. दोन सेंटिमीटर कापा, नवी क्लिप लावा. पंप बंपरमागे खाली बसवू देऊ नका, पावसाळ्यात चाकाचं पाणी थेट त्यात जातं. वर बसवा, हवा सोडणारं तोंड खाली.

आणि व्हॅक्यूम २५० च्या खाली गेला की वाजणारा बझर, वेगळ्या स्विचवर. हा आधीच असायला हवा होता. कारण घाटात एक जादा भानगड आहे: महाबळेश्वरला बॅटरी पूर्ण भरून पसरणी घाट उतरायला लागलात तर रीजन (मोटरनेच गाडी रोखून बॅटरीत वीज परत भरणं) चालत नाही, भरलेली बॅटरी आणखी वीज घेणार कुठे? इंजिन ब्रेकिंग तर आता नाहीच. सगळा भार पेडलवर, आणि ते नेमकं या पंपावर. वर जाऊन चार्ज करायचं असेल तर ८५ टक्क्यांवर काढा.

पैशांचं: चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून किलोमीटरला ०.१४ युनिट, दहा रुपये युनिटने एक रुपया चाळीस पैसे. पेट्रोल १०५ रुपये आणि १५ चं मायलेज धरलं तर सात रुपये. किट चार लाखांना पडलं तर ते ७१ हजार किलोमीटरला फिटतं, त्यामुळे महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. किट तुमच्याच मॉडेलसाठी एआयएस-१२३ (जुनी गाडी विजेवर करण्याच्या किटचं मानक) प्रमाणे मंजूर आहे ना, तो कागद ॲडव्हान्स देण्याआधी बघा. आरसीवरचं इंधन आरटीओत बदलून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि कोटेशनवर ‘टाकी, रिले, बझर’ हे तीन शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. तोंडी ‘सगळं येतं त्यात’ म्हणाले तर त्यात नसतं.