गाडीसाठी घरी बनवलेली सबवूफरची पेटी : आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत घरात जाहीर केलं की मी पेटी करतोय. आईला वाटलं, हार्मोनियम. तिला फार आनंद झाला होता, आणि तो दुसऱ्या दिवशी १८ मिलीमीटर एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) फळ्या बाल्कनीत येऊन पडेपर्यंत टिकला.

सुतारकामातली माझी तयारी म्हणजे भिंतीला खिळा ठोकणं, तोही वाकडा. तयार पेटी घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. पण माझ्या हॅचबॅकची डिकी लहान, मागच्या सीटची पाठ तिरकी, आणि तयार चौकोनी पेटी ठेवली की सीट आणि पेटीमध्ये वाया जाणारी जागा एवढी, की भाजीची पिशवीसुद्धा बसू नये. म्हणून ठरवलं की सीटच्या उताराला टेकेल अशी आपणच करायची. बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर, ३०० वॅट आरएमएसचा (सतत देता येईल एवढ्या ताकदीचा) अॅम्प्लिफायर, बंद पेटी.

बंद का, हे सांगतो. पोर्ट, म्हणजे हवा जायला-यायला नळी, असलेली पेटी त्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजते, पण तिच्यात नळीची लांबी, रुंदी आणि पेटीचं आकारमान एकमेकांशी जुळावं लागतं. नळी चुकली की सुरांऐवजी हवेचा भुसभुस आवाज येतो, आणि नळी ज्या सुराला जुळवली त्याच्या खालच्या सुरांना स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) सैरावैरा हलतो. बंद पेटीत आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी कोनला मागे खेचते. एडगर व्हिल्चर या संशोधकाने १९५४ साली अमेरिकेत याच तत्त्वावर घरगुती स्पीकर बाजारात आणला. माझ्यासारख्या नवशिक्यासाठी यातली खरी सोय अशी, की पेटीचं माप दोन-तीन लिटरने इकडेतिकडे झालं तरी ती माफ करते. फट मात्र माफ करत नाही.

पहिली चूक करवत हातात घेण्याआधीच झाली. स्पीकरच्या कागदावर एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पेटी सांगितली होती. मी ४० × ३४ × २५ सेंटीमीटरचं चित्र काढलं, ३४ लिटर आले, स्पीकरचं चुंबक जागा खाणार ते धरूनही पुरतंय म्हणून खूश झालो. मापं बाहेरची होती! प्रत्येक बाजूने १८ मिलीमीटर फळी वजा केली की आत ३६.४ × ३०.४ × २१.४ उरतात, म्हणजे २३.७ लिटर. त्यातून स्पीकरचे तीनेक लिटर गेले की वीसच. कागदावर कळलं म्हणून वाचलो. शेवटी रुंदी ४५, उंची ३६, खोली तळाला ३२ आणि वर २४ असं ठरलं. आतून साधारण ३२.७ लिटर, त्यातून स्पीकर आणि आतला आडवा ठोकळा गेला की साडेअठ्ठावीस.

फळ्या भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्येच कापून घेतल्या. हा माझा आठ महिन्यांतला सर्वांत शहाणा निर्णय. दुकानदाराच्या मोठ्या करवतीवर सरळ काप दहा मिनिटांत होतो, हाताने मी रविवार घालवला असता आणि एकही कोपरा गुण्याला (काटकोनात) जुळला नसता. एकच ध्यानात ठेवा: करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीनेक मिलीमीटर लाकूड खातं, ते मापात धरलं नाही तर शेवटची फळी अपुरी पडते. माझी पडली. नशिबाने ती आतल्या ठोकळ्याची होती.

तिरक्या पाठीच्या फळीला वर-खाली साडेबारा अंशांचा उतार द्यायचा होता. तेवढ्यासाठी सोसायटीत कपाटांचं काम करणाऱ्या सुतारमामांना गाठलं. त्यांनी रंध्याने काम करता करता विचारलं, “यात ठेवणार काय?” म्हटलं, हवा. त्यांनी रंधा थांबवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत सुरू केला.

गोल मात्र मीच कापला. खिळा, दोरी आणि पेन्सिलने २८ सेंटीमीटरचं वर्तुळ, कडेला ड्रिलने भोक, त्यातून उसनी आणलेली जिगसॉ (उभ्या पात्याची विजेची करवत). पुढची फळी मी दुहेरी केली होती, ३६ मिलीमीटर जाड. एवढ्या जाडीत जिगसॉचं पातं खाली कलतं, त्यामुळे वरून गोल आणि खालून बटाटा असा आकार झाला. दोन्ही फळ्या चिकटवण्याआधी वेगवेगळ्या कापायला हव्या होत्या. आणि मास्क लावा. एमडीएफचा भुसा लाकडाच्या भुशासारखा पडत नाही, पिठासारखा उडतो. बाल्कनीतल्या तुळशीवर चार दिवस गिरणीतल्यासारखा थर होता.

जोडणीत फेविकॉल हाच खरा धरतो, स्क्रू फक्त तो सुकेपर्यंत फळ्या पकडून ठेवतात. एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू घातला तर कड पापडासारखी फुगून फाटते, म्हणून आधी ३ मिलीमीटरचं भोक पाडायचं, कोपऱ्यापासून दोन इंच सोडून. क्लॅम्प माझ्याकडे दोनच. बाकी दाब गव्हाच्या डब्याने दिला. रात्रभर डबा पेटीवर, सकाळी पोळ्यांसाठी आईच्या शिव्या माझ्यावर. नंतर आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन बोटाने दाबून फिरवलं आणि व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत पूर्ण दिवस उघडी ठेवली.

मग परीक्षा. स्पीकर बसवला, ३० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, सूर हळू आवाजात लावला आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवली. तीन बाजूंना धूर सरळ वर जात होता. मागे तारा जोडायच्या प्लास्टिकच्या वाटीजवळ आल्यावर धूर थरथरायला लागला, सुराच्या तालावर आत-बाहेर. वाटीखाली फोमची पट्टीच घातली नव्हती. दाराच्या फटीला लावतात तीच पट्टी तिथे आणि त्या बटाट्याच्या आकाराच्या भोकाभोवती लावली, धूर सरळ झाला. माझी पेटी डावीकडे चार मिलीमीटर झुकलेली आहे, एका कोपऱ्यात लांबी (पुट्टी) भरली आहे, आणि हे पेटीवर चिकटवलेल्या कारपेटखाली कोणाला दिसत नाही, कानाला तर नाहीच. ती एक फट राहिली असती तर मात्र प्रत्येक गाण्यात फुसफुस ऐकू आली असती.

वायरिंगबद्दल थोडक्यात: बॅटरीपासून ८ गेजची शुद्ध तांब्याची तार, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, पॉवरची तार गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने. ३०० वॅटला अॅम्प्लिफायर पंचवीस-तीस अँपिअर ओढतो, तिथे तांबं चढवलेल्या अॅल्युमिनियमच्या स्वस्त तारेवर पैसे वाचवू नका.

आवाज? पहिल्या आठवड्यात मी गेन (अॅम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) एवढा चढवून ठेवला होता की प्रत्येक गाणं विसर्जन मिरवणूक वाटायचं. आता ८० हर्ट्झच्या वरचं सबवूफरला देत नाही आणि गेन निम्म्याच्याही खाली आहे. फरक कळतो तो तबल्याच्या डग्ग्यात. घिस्सा मारल्यावर, म्हणजे डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर, सूर खालून वर जातो ना, तो पूर्वी दारातल्या स्पीकरमधून नुसता ‘धप’ येई, आता वळताना ऐकू येतो. लाइव्ह रेकॉर्डिंगमधला ढोलही नुसता आदळत नाही, त्याला ताणलेलं पान आहे हे समजतं. काच वर करून ऐकताना खालचे सूर जास्त भरतात, कारण ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटर लांब आणि गाडीची केबिन त्याहून कितीतरी लहान.

त्याबरोबर गाडीही वाजायला लागली. मागची नंबरप्लेट, पार्सल ट्रे, डिकीच्या झाकणातली वायर, आणि एकदा चक्क चष्म्याचं घर. दोन रविवार एकेक ठिकाणी बोट दाबून शोधण्यात गेले. प्लेटमागे फोम, झाकणाच्या पत्र्याला आतून बिटुमेनची (डांबराची) शीट. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत कारपेटची वरची कड सुटली, परत रबर सोल्युशन लावलं. त्याच सुमारास एक बारीक झणझण सुरू झाली, ती कुठे सापडेना. शेवटी कळलं की स्पीकरचेच स्क्रू एमडीएफमध्ये ढिले झालेत. सगळे काढून मागून टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोकले आणि बोल्टने आवळले. हे पहिल्याच दिवशी करा.

पण सर्वांत जास्त शिकवलं ते शिरवळजवळच्या पंक्चरने. रात्रीचे नऊ, रिमझिम, आणि स्टेपनी पेटीच्या खाली. पेटी आणि स्पीकर मिळून १८ किलो. हलू नये म्हणून मीच दोन कंसांनी जमिनीला आवळलेली, कारण जोरात ब्रेक लागला तर ते १८ किलो मागच्या सीटवर आदळतील. मोबाइलच्या उजेडात स्क्रू काढले, तारा उपटल्या, पेटी रस्त्याच्या कडेला ओल्या मातीत ठेवली. बायको छत्री माझ्यावर न धरता पेटीवर धरून उभी होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता कंसांना हाताने फिरणारे बोल्ट आहेत आणि तारांना प्लग. पेटी दोन मिनिटांत निघते.

त्या मातीचा हिशेब जुलैत लागला. तळाच्या कडेला कारपेट पोचलं नव्हतं आणि कच्चं एमडीएफ उघडं होतं. तिथून पाणी चढलं, त्यात ताम्हिणीहून येताना ओल्या चपला आणि टॉवेल डिकीत दोन दिवस राहिले. १८ ची कड मोजली तर २१ भरली. सांधा अजून सुटलेला नाही, उदबत्ती परत फिरवून पाहिली, पण फुगलेलं एमडीएफ पुन्हा बसत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तळाला तरी आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन (पाण्यात टिकणारी) प्लाय वापरावी, आणि सगळ्या कच्च्या कडा आतून-बाहेरून सीलर मारून बंद कराव्यात.

खर्च: फळ्या, कापणी, सिलिकॉन, कारपेट, स्क्रू मिळून मला अठ्ठावीसशे रुपये लागले, त्यात मामांना दिलेले दोनशे आणि वाया गेलेली एक फळी धरून. वेळ मात्र चार रविवार. डिकी मोठी असेल आणि तयार पेटी बसत असेल तर सरळ तयार घ्या, फक्त आत हात घालून सांधे चाचपून बघा.

तळाची नवीन फळी, मरीन प्लायची, कापून आणली आहे. दिवाळीच्या सुट्टीत जुनी कापून ती बसवायची. गव्हाचा डबा यावेळी मिळणार नाही असं आत्तापासूनच सांगण्यात आलं आहे, त्यामुळे अजून दोन क्लॅम्प घेतो आहे.