भूजलाला धोका अधिक कशाचा: खुली खाण की भूमिगत खाण?

खुल्या कोळसा खाणीत कोळशावरील जलधर थरच खोदून काढले जातात आणि खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागत असल्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी लवकर व उघडपणे घटते. भूमिगत खाणीत वरचे थर शाबूत दिसतात खरे; परंतु पोकळीवरचे छत खचले की भेगांवाटे पाणी खाली झिरपते.

गुणवत्ता दोन्हींकडे एकाच कारणाने बिघडते: कोळशात व लगतच्या खडकांत असलेल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा हवा व पाण्याशी संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि त्यात लोह, मँगनीज विरघळतात. खुल्या खाणीत हे प्रामुख्याने खोदून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांतून घडते, तर भूमिगत खाणीत उपसा थांबून पाणी पुन्हा भरू लागल्यावर. देखरेखीसाठी भूमिगत खाणच मला अधिक अवघड वाटते, कारण तिचे दूषित पाणी कोठे बाहेर पडेल, याचा अंदाज बांधणे कठीण असते.