पोस्टस्क्रिप्ट की पीसीएल? लिनक्सवर रखडणारी पीडीएफ

सबमिशनचे दिवस, पुण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात रांग, आणि लिनक्सवरून सोडलेलं एकेक पान प्रिंटर चघळत बसलाय. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल म्हणजे पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगायच्या दोन भाषा. बऱ्याच ऑफिस लेझर प्रिंटरना दोन्हींचे ड्रायव्हर चालतात, तेव्हा निवड आपल्या हातात असते.

पोस्टस्क्रिप्टमध्ये पान रंगवायचं काम प्रिंटरचं. नुसता मजकूर असेल तर झकास. पण पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता कळत नाही. मागे कॉलेजचा पुसट लोगो असलेलं पान आधी चित्र बनून सपाट होतं, फाइल फुगते आणि प्रिंटरचा तुटपुंजा प्रोसेसर धापा टाकतो.

पीसीएल घेतलं की बहुधा घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्राम संगणकावरच पानाचं बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, करतो. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) काळंपांढरं ए-४ पान, कितीही किचकट असलं तरी, कॉम्प्रेस न करता सव्वाचार एमबीच्या आसपास.

अडतंय कुठे? टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालवा, कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती खातोय ते दिसेल. घोस्टस्क्रिप्ट यादीत सगळ्यात वर असेल तर दमछाक संगणकाची. मग पोस्टस्क्रिप्टच ठेवून कप्समधला (लिनक्सची छपाई यंत्रणा) रेंडरर, म्हणजे पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट करणारा प्रोग्राम, घोस्टस्क्रिप्टऐवजी पॉपलरचा करून बघा. संगणक निवांत आणि प्रिंटरचा दिवा नुसताच लुकलुकतोय, तर सरळ पीसीएल.

दुकानासाठी माझं मत पीसीएललाच. तसा कप्समध्ये एकच प्रिंटर दोन नावांनी जोडता येतो, त्यामुळे पोस्टस्क्रिप्ट काढून टाकायची गरज नाही.