लेकीचा पहिला तबला: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर लेकीसाठी तबला-डग्गा (उजव्या हाताचा लाकडी तबला, डाव्या हाताचा धातूचा डग्गा) घेतला. ती तिसरीत आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. थंडी, उन्हाळा आणि आता अर्धा पावसाळा या जोडीनं बघितलाय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. दुकानातून आणल्या आणल्या लिहिलं असतं तर नुसता पॉलिशचा वास आणि डग्ग्याची चकाकी एवढंच लिहून झालं असतं. चामड्याचं वाद्य कसं आहे ते एखादा पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही.

आधी तबलाच का, ते सांगते. क्लासच्या सरांनी तिला पेटी आणि तबला दोन्हींवर थोडे दिवस बसू दिलं. पेटीवर पहिल्याच दिवशी सूर निघतो, त्यामुळे घरच्यांना फार बरं वाटतं. पण डाव्या हातानं भाता मारायचा आणि उजव्या हाताची बोटं स्वतंत्र चालवायची, यात तिचा जीव रमेना. पेटी लागली की डुलक्या. (माझ्या सासूबाईंचं पेटीबद्दल आधीच वाईट मत. आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं, हा त्यांचा कायमचा मुद्दा. असो.) कीबोर्ड भावाच्या घरी होता. त्याचे फायदे खरे आहेत: आवाज कमी करता येतो, हेडफोन लावता येतो, सुरात लावायची कटकट नाही. पण त्यातला तयार ताल चालू करून त्यावर नाचणं एवढंच ती करायची. बासरीला बोटं पुरेनात. तबल्यावर मात्र पहिला आठवडा काहीही धड वाजत नसताना ती उठायला तयार नव्हती. आमच्यासाठी निर्णय तिथेच झाला. मूल कोणत्या वाद्यावर पटकन छान वाजवतं हे बघण्यापेक्षा, कोणत्या वाद्यावर वाईट वाजत असतानाही बसून राहतं ते बघावं, असं माझं मत आहे.

"मुलीला तबला कशाला?" हे दोन ठिकाणांहून ऐकू आलं. मुंबईतच तबलावादक आबान मिस्त्री होऊन गेल्या, अनुराधा पाल आजही वाजवतात, एवढं सांगून मी विषय बंद केला.

आता खरेदी. लहान मुलांसाठी म्हणून छोट्या, रंगीत तबल्यांच्या जोड्या मिळतात. सरांनी त्याकडे बघूही नका म्हणून सांगितलं होतं. दुकानात एक वाजवून पाहिली तेव्हा कारण कळलं: लाकूड हलकं, पुडी (वरचं कातडं) जाड, शाईला (मधल्या काळ्या गोलाला) गूंजच नाही. कुठेही मारा, आवाज एकच. मुलाला चूक आणि बरोबर यातला फरक ऐकूच येणार नसेल तर शिकायचं काय? त्यामुळे मोठ्यांचाच, पण लहान तोंडाचा तबला घेतला. शिसमाचं खोड, सव्वापाच इंची तोंड, पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, लावलेला. बहुतेक ठिकाणी नवशिक्याला साडेपाच इंची, काळी एकचा तबला दाखवतात आणि मोठ्यांना तो ठीकच आहे. पण 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली हवी आणि त्याच वेळी तर्जनी चाटेवर (कडेच्या कातडी पट्टीवर) पडायला हवी. आठ वर्षांच्या हाताला तेवढ्या पाव इंचानं फरक पडतो. मी तिला दोन्हींवर हात ठेवायला लावला. साडेपाचवर तर्जनी चाटेपर्यंत नेली की अनामिका जागेवरून उचलली जात होती.

डग्ग्याचं गणित वेगळं. मनगट मैदानावर (शाईबाजूच्या मोकळ्या कातड्यावर) ठेवून बोटं शाईवरून कमान करून पलीकडे पडली पाहिजेत. नऊ-सव्वानऊ इंची डग्ग्यावर तिची बोटं शाईतच पडायची आणि 'घे' ऐवजी 'थप' यायचं. आम्ही साडेआठ इंची घेतला. गुंज थोडी कमी आहे, मान्य. तांब्याचं भांडं घेतलं. स्टीलचं स्वस्त पडलं असतं, पण इतकं हलकं की वाजवताना सरकत होतं. चुंबळी (वाद्याखालची गोल गादी), हातोडी, कव्हर धरून सगळं बारा हजारांच्या आत बसलं. बाहेरून स्वस्तही मिळेल, पण सर बरोबर आले होते आणि त्यांनी प्रत्येक तबला सगळीकडून ठोकून बघितला. कडेभोवतीच्या सोळाच्या सोळा घरांवर (भागांवर) चाट एकाच सुरात बोलली पाहिजे. एक दिसायला सुंदर तबला त्यांनी याच कारणानं परत ठेवला.

पहिला महिना अवघड होता, आमच्यासाठी. 'ना' म्हणून जे यायचं ते लाकडी टेबलावर पेन आपटल्यासारखं. आपोआप जमेल असं वाटत होतं, पण जमायला कारण लागलं ते बसण्याची उंची. मांडी घातल्यावर तिचे खांदे तबल्याच्या मानानं खाली राहायचे आणि हात वरून पडण्याऐवजी समोरून ढकलला जायचा. सतरंजीची चौपदरी घडी खाली घातली, तबला चुंबळीवर थोडा पुढे झुकवला, आणि मग बोट चाटेला लागून लगेच सुटायला लागलं. त्या आठवड्यात 'ना' गुंजला. 'तिं' त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

तबला म्हणजे नुसता ताल, सुराशी त्याचा संबंध नाही, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण शाई असते ती त्यासाठीच. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन, घोटून ती बसवतात. त्या वजनामुळे साध्या कातड्याचा बेसूर धबधब जाऊन त्यातून स्पष्ट सूर ऐकू येतो. ढोलात ते होत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये याचा शास्त्रीय अभ्यास मांडला होता, हे लेकीला सांगितल्यापासून शाईवर हात पुसणं बंद झालंय. तानपुऱ्याचं ॲप लावून मी तबला लावत असले की आता ती स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, अजून उतरलेलाच आहे." पेटीवर किंवा कीबोर्डवर हा कान इतक्या लवकर तयार झाला असता का, मला शंका आहे. तिथे सूर कारखान्यातूनच लावून येतो.

हातोडी मात्र तिच्या हातात नाही, माझ्याच हातात. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) वरून मारलं की सूर चढतो, खालून मारलं की उतरतो, आणि एका घरावर मारलं की समोरच्या घराकडेही बघायचं. सूर बराच चढवायचा असेल तर गठ्ठे (चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली सरकवायचे. हे शिकायला मला वेळ लागला, पण त्याशिवाय घरात तबला ठेवण्यात अर्थ नाही. दर वेळी सरांकडे उचलून नेणार का? तुमच्या घरात हे करायला कुणालाच उत्साह नसेल तर खरंच पेटी घ्या.

आता हवामान. थंडीत काही त्रास नाही. मे महिन्यात तबला सोलापूरला आजोळी नेला. तिथल्या कोरड्या उन्हात दोन दिवसांत अर्ध्या सुरानं चढला. वेळेवर उतरवून ठेवला म्हणून पुडी वाचली. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, हे कुणी सांगायची गरज पडू नये, पण लोक ठेवतात. डोंबिवलीच्या पावसात नेमकं उलटं. जूनच्या शेवटाला तबला काळी एकच्याही खाली आला, डग्गा तर ओल्या पिठावर थाप मारल्यासारखा. चढवून चढवून शेवटी गठ्ठ्यांना जागा उरली नाही. वाजवण्याआधी टेबल लॅम्प जरा लांबून लावून ठेवला की बरं वाजतं. हेअर ड्रायर लावू नका, शाई सुटते. मऊ कापडाची घडी पुडीवर, त्यावर कव्हर, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. एवढं करूनही डग्ग्याच्या मैदानावर बुरशीचे ठिपके आलेच. कोरड्या फडक्यानं पुसले.

एक तक्रार. तबल्याच्या शाईला कडेला बारीक तडा गेलाय आणि 'तिं' वाजवताना किंचित खरखर येते. दुकानदार म्हणाला, हवामान. सरांचं मत वेगळं आहे, ते म्हणतात शाई नीट घोटलेली नव्हती. दोघांपैकी कुणीही पैसे परत देणार नाही. पुडी बदलायला हजाराच्या आसपास खर्च येतो, आणि रोज वाजणाऱ्या तबल्यावर तो कधी ना कधी येतोच, तेव्हा घेतानाच तो धरून चाला.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर संध्याकाळी सात ते साडेसात ही वेळ ठरवून टाकली आणि वरच्या काकूंना आधीच सांगितलं. भिंतीपेक्षा जमिनीतून आवाज जास्त जातो, म्हणून खाली जाड सतरंजी. तक्रार अजून नाही. उलट काकूंना आता 'धाधा तिट धाधा तूना' पाठ झालंय.

वादनापेक्षा मला आवडली ती पढंत. त्रिताल (सोळा मात्रांचा ताल) हातावर धरून, टाळी-खाली दाखवत बोल म्हणायचे. त्याला वाद्य लागत नाही, त्यामुळे रिक्षात, रांगेत, शाळेच्या व्हॅनमध्ये चालू. सुट्टीत तबला सोबत नसला तरी रियाज पूर्ण तुटत नाही, हा फायदा खरेदीच्या वेळी कुणीच सांगत नाही. लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) मात्र ॲपवर सगळ्यात कमी लयीत लावतो, आणि तरी ती समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कधी कधी मात्राभर आधीच पोचते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला या वर्षी बसवायचं का, असं क्लासमधले पालक विचारत असतात. आम्ही नाही बसवत. केरवा आणि दादरा हे ताल अजून नीट हातात बसायचेत, आणि परीक्षेचं नाव काढलं की तिचे खांदे ताणून वर जातात. पुढे काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलींना साथ करायची वेळ आली तर मोठ्या तोंडाचा, ढाला (खालच्या सुराचा) तबला लागेल. तो खर्च तेव्हा.

सध्या फक्त पुडी बदलायची आहे, तीही गणपती झाल्यावर. आरतीला येणारा प्रत्येक काका त्यावर थाप मारून बघणारच, तेव्हा नवी पुडी आधी चढवून उपयोग नाही.