नऊ महिने, चार रकाने: शेतकरी कंपनीत टास्क सॉफ्टवेअर वापरून पाहिलं त्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मार्चपासून कामांची नोंद कानबान पद्धतीच्या एका सॉफ्टवेअरवर ठेवतोय, म्हणजे प्रत्येक कामाचं एक कार्ड आणि काम पुढं गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. फुकटातली योजना, चार मोबाइल, एक जुना लॅपटॉप. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मुद्दा या जातीच्या सगळ्याच सॉफ्टवेअरला लागू पडतो. आधी कारभार व्हॉट्सॲपवर होता. "बारदाना सांगितला का?" या प्रश्नावर उत्तर यायच्या आत वीस गुड मॉर्निंग येऊन पडायचे.

पहिली चूक माझीच. सात गावांचे सात रकाने केले. दिसायला झकास, पण कार्ड एकदा गावात शिरलं की तिथंच मुक्काम. कुठलं काम चालू, कुठलं रखडलेलं, काही कळेना. महिन्याभरात सगळं मोडलं. आता रकाने चारच: करायचं, सुरू, अडलं, झालं. गावाचं फक्त लेबल.

त्याहून अवघड म्हणजे एका कार्डात केवढं काम घालायचं ते. एप्रिलमध्ये 'सोयाबीन बियाणे तयारी' हे कार्ड तीन आठवडे 'सुरू'मध्ये बसून होतं. गोदाम सांभाळणारा पोरगा म्हणाला, "दादा, हे कार्ड तं हालूनच नाही रायलं." हलणार कसं? चाळणी, प्रतवारी, उगवण चाचणी, पोती शिवणं, सगळं त्यातच कोंबलेलं. मग तोडलं. उगवण चाचणीचं प्रत्येक गावाला वेगळं कार्ड: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि त्याच दिवशी कार्डावर सात दिवसांची मुदत टाकायची. ७० किंवा जास्त उगवले तर ते बियाणं चाललं. मुदत नव्हती तेव्हा एका गावचे दाणे आम्ही विसरलो होतो, गोणपाटातच कुजले.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. 'सुतळी आणणे' एक कार्ड, 'दाभण आणणे' दुसरं. शंभराच्या वर कार्डं झाली आणि ॲप कोणी उघडेना. आता असल्या गोष्टी कार्डाच्या आतल्या चेकलिस्टमध्ये जातात. मोठ्या कंपन्यांत जिरा नावाच्या सॉफ्टवेअरवर एपिक म्हणजे मोठं काम, त्याखाली स्टोरी किंवा टास्क, त्याखाली सबटास्क अशी उतरंड रचतात. आम्हाला दोन मडकी पुरतात.

सगळ्यात कामाला आली ती दोन लेबलं. एक 'थ्री फेज'. मोठ्या मशीनला लागणारी ही लाइन आली की फक्त त्या लेबलची कार्डं पाहायची. क्लीनर, ग्रेडर, जे काय त्या लाइनवर चालतं ते समोर येतं. दुसरं 'दारव्हा'. तालुक्याला जाणारा माणूस बँक, कृषी कार्यालय, पोत्यांचं दुकान एकाच फेरीत उरकतो. पेट्रोल वाचतं, हे वेगळं सांगायला नको.

हातातलं संपल्याशिवाय नवं ओढायचं नाही, हा अशा कानबान बोर्डांचा मूळ नियम. म्हणून 'सुरू'मध्ये माणशी दोनच कार्डं ठेवली. पावसाळाभर छान चाललं. ऑक्टोबरात सोयाबीन काट्यावर आलं आणि ती मर्यादा दोन दिवसही टिकली नाही. तेव्हा बोर्ड पाहायला वेळ कोणाला होता!

तक्रारी दोन. शोध मराठीत आंधळा आहे: 'बियाणे' लिहिलं तर 'बियाणं' सापडत नाही, 'तुर' लिहिलं तर 'तूर' नाही. शेवटी लेबलं ठरावीक करून सगळ्यांना तीच वापरायला लावली. दुसरी, रेंज नसताना केलेला बदल कधी कधी जतनच होत नाही. माझ्या दोन चेकलिस्ट अशाच गेल्या. पैसे भरून मोठी योजना घ्यायची का, असं मंडळानं विचारलं, तर मी तूर निघेपर्यंत थांबा म्हटलं.

आमचे अध्यक्ष काका ॲप उघडतच नाहीत. दर सोमवारी 'अडलं'चा रकाना मी खडूनं फळ्यावर उतरवतो. काका चष्मा सावरत वाचतात, "हे अजून इथंच?" म्हणतात आणि तिथल्या तिथं फोन लावतात. मंगळवारी त्यातली दोन-तीन कार्डं सुटलेली असतात.